कॉर्डेलियानंतर दुसऱ्या कंपनीची क्रूझ : जहाज बदलतं त्यापेक्षा पद्धत जास्त बदलते

प्रश्न उदगीरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा आहे. ते आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मुंबईहून कॉर्डेलिया या भारतीय कंपनीच्या जहाजावर दोनदा जाऊन आले, एकदा गोव्याला आणि एकदा लक्षद्वीपला. दोन्ही सफरी मनापासून आवडल्या. आता मुलाचं म्हणणं, सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीची चार रात्रींची क्रूझ करा आणि जमलं तर पुढच्या वर्षी युरोपात एमएससी या दुसऱ्या परदेशी कंपनीची. सर विचारतात : "जहाज म्हणजे जहाज, त्यात एवढं काय वेगळं असणार? पण हिच्या जेवणाची आणि माझ्या गुडघ्यांची काळजी वाटते. तिकडं आम्ही परके पडू का?" काकू शुद्ध शाकाहारी आहेत आणि चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत.

सर, मी छत्रपती संभाजीनगरहून गेली सोळा वर्षं सहली नेते. त्यातली निम्मी वर्षं क्रूझच्या सहलींतच गेली. माझ्यासोबत येणारी माणसं बहुतेक परभणी, जालना, बीड, लातूर, नांदेडकडची, म्हणजे आपल्यासारखी, समुद्र घरापासून चारशे-पाचशे किलोमीटर लांब असणारी. त्यामुळे तुमच्या प्रश्नामागची धाकधूक मी ओळखते. तुम्ही जेवण आणि गुडघे विचारलेत, पण खरा प्रश्न असा आहे : कॉर्डेलियावर जे न मागता मिळालं, ते दुसरीकडं मिळेल का? उत्तर असं, की न मागता मिळणार नाही. मागितलं तर जवळजवळ सगळं मिळेल, पण ते वेळेवर आणि योग्य माणसाकडं मागायला हवं. कंपनी बदलताना माणसं अडतात ती नेमकी इथंच.

जहाजापेक्षा पद्धत जास्त बदलते हे मी का म्हणते, त्याचा पुरावा तुम्ही स्वतः अनुभवलाय. कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज मुळात रॉयल कॅरिबियनचंच. १९९० साली ते 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं सुरू झालं, २००४ पासून 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं, मधली काही वर्षं स्पेनच्या पुलमंतूर कंपनीकडं राहिलं, मग परत मूळ कंपनीकडं आलं, आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाच्या नावानं मुंबईहून सुटू लागलं. म्हणजे वाडा तोच, बिऱ्हाड बदललं. नवं बिऱ्हाड भारतीय कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून मांडलेलं : सकाळी पोहे-इडली, जैन जेवण, हिंदी गाण्यांचे कार्यक्रम, रुपयांत बिल आणि ओळखपत्र म्हणून आधार चालतं. तिथं जहाजानं आपल्याशी जुळवून घेतलं होतं. आता थोडं जुळवून घ्यायची पाळी आपली आहे.

नुसतं 'रॉयल कॅरिबियन' एवढ्या नावावरून मात्र मला सगळं सांगता येणार नाही. कोणतं जहाज, कोणता महिना, कोणती बंदरं, केबिन कुठली आणि तुम्ही दोघंच जाणार की मुलगा-सून सोबत, यावर बरंच ठरतं. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर भारतीय प्रवासी भरपूर असतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत तर फारच. त्याच कंपनीचं जहाज अमेरिकेतून सुटत असेल तर वातावरण निराळं असतं. म्हणून तुमच्या बाबतीत पहिली सफर सिंगापूरहून आणि दुसरी युरोपची, हा मुलानं लावलेला क्रम मला पटतो.

महिन्याचं आधी बोलते, कारण त्यानं तुमच्या दोन्ही काळज्या हलक्या होतात. आषाढी ते कार्तिकी एकादशी हा काळ टाळला की काकूंचा कांदा-लसणाचा प्रश्न उरत नाही. मे ते ऑक्टोबर फुकेतच्या बाजूला नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, तिथला किनारा तेव्हा खवळलेला असतो. नोव्हेंबर ते जानेवारी सिंगापूरला पाऊस जास्त, डिसेंबरात तर सगळ्यात जास्त. उरले फेब्रुवारी ते एप्रिल. मी ज्येष्ठ मंडळींचे गट त्यातल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नेते. फक्त चिनी नववर्षाचा आठवडा सोडते, कारण तेव्हा भाडंही चढतं आणि गर्दीही. लेकरांच्या शाळेच्या सुट्ट्या तुम्हाला बघायच्या नाहीत, तर याचा फायदा घ्या.

आता जहाजाचा आकार. एम्प्रेस ४८,५६३ ग्रॉस टनांचं. सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनची क्वांटम जातीची जहाजं सुटत आली आहेत. त्यांतलं 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' १,६९,३७९ ग्रॉस टनांचं आहे. हा टन वजनाचा नव्हे, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप. म्हणजे तुम्ही पाहिलेल्या जहाजाच्या साडेतीन पट जागा आणि एका केबिनला दोघं धरले तरी चार हजारांवर प्रवासी. लांबी ३४७ मीटर, एम्प्रेसची होती २११. तुमच्या गुडघ्यांसाठी हा आकडा महत्त्वाचा. जेवणघर एका टोकाला, नाट्यगृह दुसऱ्या टोकाला आणि केबिन तिसरीकडं असेल तर दिवसाकाठी सहज दोन-तीन किलोमीटर चाल होते. लिफ्ट भरपूर असतात, पण कार्यक्रम सुटल्यावर त्यांच्यासमोर गर्दीही तेवढीच.

म्हणून केबिन निवडताना पैसे कशावर घालायचे ते सांगते. बाल्कनी की खिडकी हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न जागेचा. जहाजाच्या मधोमध, लिफ्टपासून आठ-दहा केबिन अंतरावर आणि मधल्या किंवा खालच्या मजल्यावर घ्या. मध्यभागी हेलकावे कमी जाणवतात आणि चालही वाचते. वर आणि खाली दोन्हीकडं केबिनच असलेला मजला बघा. पोहण्याच्या तलावाच्या किंवा बुफेच्या थेट खालची केबिन घेतली तर पहाटे पाचपासून डोक्यावर खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात. अंबाजोगाईच्या एका जोडप्याला मी स्वस्तातली, 'नंबर नंतर कळेल' अशा प्रकारची केबिन घेऊन दिली होती. ती नेमकी अशी निघाली. चार रात्री त्यांची झोप झाली नाही. तेव्हापासून साठीपुढच्या माणसांना मी नंबर माहीत असलेलीच केबिन घ्यायला लावते, थोडे जास्त पैसे गेले तरी. बंदरावर व्हीलचेअर हवी असेल तर तीही बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. त्यात संकोचण्यासारखं काही नाही, रांगेतला तासभर वाचतो.

गुडघ्यांचा आणखी एक मुद्दा. लक्षद्वीपला मोठं जहाज लांब उभं राहून लहान बोटीत उतरावं लागलं होतं, तो प्रकार फुकेतला पातोंग किनाऱ्यावरही अनेकदा असतो. बोट हलत असते आणि पाऊल टाकायला एका क्षणाचा अवकाश मिळतो. तुम्ही लक्षद्वीपला जमवलंत, तर इथंही जमेल. पेनांगला मात्र जहाज धक्क्याला लागतं. सफरीच्या वेळापत्रकात कुठल्या बंदरासमोर लहान बोटीची खूण आहे ते बघून घ्या.

आता जेवण. इथं जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडची माणसं याच एका गोष्टीपायी सफर आवडली की नाही ते ठरवतात.

मोठ्या जहाजावर दोन प्रकारे जेवता येतं. एक बुफे, तिथं हवं ते घ्यायचं. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर बुफेत भारतीय भाज्या, डाळ, भात, पापड असा कोपरा बहुतेक असतोच. दुसरं मुख्य जेवणघर, तिथं टेबलावर बसून यादीतून मागवायचं. दोन्ही भाड्यात धरलेलं असतं. बहुतेक माणसं घाबरून चारही रात्री बुफेतच जेवतात. काकूंसाठी मी याच्या अगदी उलट सांगेन. बुफेत पदार्थ आधीच शिजलेले असतात, त्यात काय घातलंय ते वाढणाऱ्यालाही पुरतं माहीत नसतं आणि चमचे या भांड्यातून त्या भांड्यात जातात. जेवणघरात तुमच्यासाठी वेगळं बनवून देणारा माणूस असतो.

त्यासाठी तीन टप्पे पाळा. पहिला, बुकिंगच्या वेळी, निदान दीड-दोन महिने आधी, काकूंच्या नावावर 'भारतीय शाकाहारी' किंवा 'जैन' अशी नोंद करायला लावा आणि ती झाल्याचा लेखी पुरावा घ्या. नोंद माणशी होते, केबिनची नव्हे. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. त्या शब्दात अंडं बसतं आणि सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, हे आपल्या लक्षात येत नाही. दुसरा टप्पा, जहाजावर चढल्यावर पहिल्याच दुपारी जेवणघरात जाऊन मुख्य वाढप्याला, म्हणजे हेड वेटरला, समक्ष भेटा. तिसरा, रोज रात्री उठण्याआधी दुसऱ्या दिवशीचं जेवण सांगून ठेवा. स्वयंपाकघराला एक दिवस मिळाला की ते मनापासून करतात, ऐनवेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या समोर येतात.

परभणीच्या एका आजींचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. जहाज एका युरोपीय कंपनीचं होतं. नोंद आम्ही केली होती, पण ती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलीच नव्हती. पहिल्या रात्री त्यांच्यासमोर टोमॅटोचे काप, काकडी आणि पाव आला. आजी काही बोलल्या नाहीत, मीठ लावून खाल्लं. मला सकाळी कळलं आणि फार वाईट वाटलं. मी हेड वेटरला गाठलं, पुराव्याचा कागद दाखवला. वाढप्यांत एक मुलगा गोव्याचा होता, त्यानं आजींच्या खुर्चीशेजारी गुडघे टेकून कोकणीमिश्रित मराठीत विचारलं, "आजी, तुमका काय जाय?" आजी म्हणाल्या, "बाळा, नुसती पिवळी डाळ आणि गरम भात. वर तूप असलं तर बघ." दुसऱ्या रात्री एका पांढऱ्याशुभ्र वाडग्यात हिंगाची फोडणी दिलेली डाळ आली, बाजूला वितळलेलं लोणी. तिसऱ्या रात्री विचारायच्या आत आली. चूक झाली होती हे खरं, पण ती दुरुस्त व्हायला एक माणूस आणि एक कागद पुरला. जहाजांवर गोवा, मुंबई, केरळचे कर्मचारी जागोजागी भेटतात. त्यांच्याशी बोला.

याच कारणासाठी मी ठराविक वेळेचं, ठराविक टेबलाचं जेवण निवडायला सांगते. अनेक कंपन्यांत दोन पद्धती असतात, रोज एकाच वेळी एकाच टेबलावर किंवा मनात येईल तेव्हा. दुसरीत मोकळीक जास्त, पण वाढपी रोज नवा आणि रोज पहिल्यापासून सांगणं आलं. ठराविकमध्येही दोन पंगती असतात, एक संध्याकाळी साडेपाच-सहाची आणि एक आठच्या पुढची. आपल्या सवयीला दुसरी बरी. औषधं जेवणाच्या वेळेशी बांधलेली असतील तर तो हिशेब आधी करा. आणि पोळी रोज मिळेलच असं धरून चालू नका, नान किंवा भात मिळतो.

घरून काय न्यावं हे मला प्रत्येक जण विचारतो. बंद पाकिटातला कोरडा खाऊ चालतो : चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खाकरे. धपाटे विमानातल्या प्रवासापुरते न्या, जहाजावर घरी शिजवलेलं अन्न नेऊ देत नाहीत. दोन गोष्टी मात्र सिंगापूरला अजिबात नेऊ नका. एक म्हणजे खसखस. तिथं ती अमली पदार्थांच्या कायद्यात अडकते, तेव्हा खसखस लावलेले अनारसे घरीच ठेवा. दुसरी, खायचा तंबाखू आणि गुटखा. तिथं तो बाळगणंही गुन्हा आहे. गटात कुणाला सवय असेल तर हे मी निघण्यापूर्वी प्रत्येकाला वेगळं बोलावून सांगते, कारण चारचौघांत कुणी कबूल करत नाही. च्युइंगमसुद्धा नको.

जहाजावर आग ही सगळ्यात मोठी भीती, म्हणून इस्त्री, विजेची किटली, पाणी तापवायचा रॉड, एक्स्टेंशन बोर्ड हे बहुतेक कंपन्यांत चालत नाही. उदबत्ती आणि निरंजनही नाही. नांदेडच्या एका काकूंचं पितळी निरंजन तपासणीत काढून घेतलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पावती दिली होती आणि शेवटच्या दिवशी वस्तू जशीच्या तशी परत मिळाली. तुमच्या काकूंना पूजा करायची असेल तर छोटा फोटो आणि जपमाळ न्या, मनाला तेवढं पुरतं.

पैशाकडं येऊ. कॉर्डेलियावर हिशेब रुपयांत होता. रॉयल कॅरिबियनवर तो अमेरिकी डॉलरमध्ये चालतो, जहाज सिंगापूरहून सुटलं तरी. सिंगापूरहूनच सुटणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम' या दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर सिंगापूर डॉलर, एमएससीच्या युरोपातल्या जहाजांवर युरो. जहाजावर रोख चालत नाही. केबिनच्या कार्डावर खर्च लिहिला जातो आणि शेवटी तुमच्या बँक कार्डावरून वळता होतो. तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेले आहेत का, हे निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये बघा, मुळात ते बंद असतात. बंदरातल्या दुकानात कार्डयंत्र 'रुपयांत घेऊ का' असं विचारतं, तेव्हा नको म्हणा. त्या रूपांतराचा दर महाग पडतो.

आपल्या माणसांना सगळ्यात मोठा धक्का बसतो तो सेवाशुल्काचा. परदेशी कंपन्यांत टीप ऐच्छिक बक्षिसी नसते, ती रोज माणशी आपोआप खात्यावर पडते. रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनला माणशी रोज साडेअठरा डॉलर हा दर चालत आला आहे. तो अधूनमधून वाढतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा आकडा विचारा. या दरानं दोघांचे चार रात्रींचे १४८ डॉलर होतात, रुपयांत बारा-तेरा हजार. जालन्याच्या एका व्यापाऱ्यांनी शेवटच्या सकाळी बिल बघून काउंटरवर वाद घातला होता, आणि त्यांचं चूक नव्हतं, कारण त्यांच्या एजंटनं हे सांगितलंच नव्हतं. ही रक्कम बुकिंगसोबत आधीच भरता येते. तसंच करा, म्हणजे शेवटची सकाळ हिशेबात जात नाही. मद्य घेत नसाल तर पेयांचं मोठं पॅकेज कुणी गळ्यात मारू देऊ नका. बुफेतला चहा, साधी कॉफी आणि पाणी भाड्यातच असतं.

पाण्यावरून सांगते. जहाजावर समुद्राचं पाणी शुद्ध करून वापरतात आणि केबिनच्या नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी लातूरकरांनी प्यायलंय. आपल्या माणसांना पाणी विकत घेण्याची सवय आहे आणि ते जपून वापरण्याचीही. पण इथं बाटल्यांवर पैसे घालायचं कारण नाही, आपली स्टीलची बाटली न्या.

फोनचं मात्र फार कळकळीनं सांगते. जहाज किनारा सोडताना फोन विमान मोडवर टाका. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन गपचूप त्याला जोडला जातो आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही. दोन मिनिटांच्या 'पोहोचलो' फोनचं बिल हजारांत आलेलं मी पाहिलंय. जहाजाचं वायफाय विकत घ्या किंवा चार दिवस मोकळे राहा. पण कंपनीचं ॲप मात्र घरूनच उतरवून ठेवा. ते जहाजाच्या वायफायवर पैसे न भरता चालतं आणि मोठ्या जहाजावर सगळं त्यातच आहे : आजचे कार्यक्रम, जेवणघराची वेळ, नाटकाची जागा राखणं. एम्प्रेसवर तुम्ही वेळेवर जाऊन बसलात तरी जागा मिळाली असेल. इथं चांगल्या कार्यक्रमांच्या जागा पहिल्या दिवशीच भरतात. त्याचे पैसे नसतात, फक्त आधी नोंद लागते. मुलाला हे काम घरीच करून द्यायला सांगा.

कागदपत्रं आता आधारवर भागत नाहीत. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढं सहा महिने चालणारा हवा. सिंगापूरचा व्हिसा लागतो, आणि तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाचा आहे ना ते आवर्जून बघा, कारण जहाज सिंगापूर सोडून पुन्हा सिंगापूरलाच येतं. सिंगापूर अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. जहाजानं परत येतानाही ते पुन्हा भरावं लागतं. मलेशिया आणि थायलंडचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत, ते निघायच्या महिन्यात कंपनीकडून लेखी घ्या.

उदगीरहून निघताना एक फायदा आहे. कॉर्डेलियासाठी तुम्हाला मुंबई गाठावी लागली. सिंगापूरला हैदराबादहून थेट विमानं आहेत आणि हैदराबाद तुम्हाला मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर. पण जहाज सुटायच्या दिवशी सिंगापूरला उतरू नका, आदला दिवस तिथं काढा. बंदराचा दरवाजा सुटण्याच्या वेळेआधी तास-दीड तास बंद होतो आणि जहाज दोन माणसांसाठी थांबत नाही. सिंगापूरला क्रूझची दोन बंदरं आहेत : रॉयल कॅरिबियनचं मरीना बे क्रूझ सेंटर आणि दुसरं हार्बरफ्रंटजवळचं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ सेंटर' म्हणालात तर तो कुठंही नेईल. माझ्या गटातली एक टॅक्सी अशीच दुसऱ्या बंदरावर गेली होती, ते परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. पत्ता कागदावर लिहून दाखवा.

आणि घड्याळ. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागं आहे. फुकेतला उतरलात की मोबाइल आपोआप थाई वेळ दाखवतो, जहाज सिंगापूरच्या वेळेवरच चालत असेल तर तुम्ही तासभर उशिरा पोहोचाल. साधं मनगटी घड्याळ लावा आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा. बंदरात आपलं आपण फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, कंपनीच्या सहलीची बस अडकली तर थांबतं. पहिल्या सफरीत म्हणूनच मी कंपनीची सहल घ्यायला सांगते, महाग असली तरी.

आतापर्यंतचं एका दमात : फेब्रुवारी-मार्च, मधली केबिन, जेवणाची लेखी नोंद आणि समक्ष भेट, सेवाशुल्क आधी, फोन विमान मोडवर, घड्याळ जहाजाचं. एवढं सांभाळलंत तर सिंगापूरच्या सफरीत परकेपणा फारसा वाटणार नाही.

एमएससीचं मात्र थोडं वेगळं आहे. भूमध्य समुद्रातल्या त्यांच्या बऱ्याच सफरी गोल फिरणाऱ्या असतात : जिनोआ, मार्सेल, बार्सिलोना, रोमजवळचं चिविताव्हेक्या, पालेर्मो अशा. आणि प्रत्येक बंदरातून नवे प्रवासी चढतात, जुने उतरतात. आपल्या एसटीसारखंच, उदगीरला बसलेला एक आणि अहमदपूरला चढलेला दुसरा. त्यामुळे सगळ्यांची सफर एकाच दिवशी सुरू होते आणि संपते असं वातावरण तिथं नसतं. घोषणा चार-पाच भाषांत होतात, इंग्रजीची पाळी यायला वेळ लागतो. जेवणघरात पाण्याची बाटली मागितली तर पैसे पडतात, बुफेतल्या मशीनचं पाणी फुकट. सगळी बंदरं शेंगेन देशांतली, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतली नसतील, ट्युनिशिया किंवा तुर्कस्तान मध्ये असेल, तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा लागतो. मार्सेल ते बार्सिलोना या पट्ट्यात वारा जोराचा असतो, तिथं हेलकावे जाणवतात. आणि 'रोम' लिहिलंय म्हणून जहाज रोमला लागत नाही, बंदरापासून शहर सुमारे ८० किलोमीटर आहे. जेवणाचा मी सांगितलेला कागद इथं तर दोन प्रती काढून न्या.

कुठल्याही कंपनीत गेलात तरी सुरक्षेच्या सरावाला जायचं, हे विनवून सांगते. आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ टीव्हीवर बघायचा आणि ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं, एवढंच असतं. माणसं म्हणतात, आम्ही कॉर्डेलियावर केलंय. पण जमायची जागा प्रत्येक जहाजावर वेगळी. १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' चिविताव्हेक्याहून निघून त्याच संध्याकाळी खडकाला धडकलं, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांचा सराव तोवर झालाच नव्हता. त्यानंतर सराव निघण्यापूर्वी किंवा निघताच घेण्याचा नियम झाला. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आवाज काकूंनाही ओळखता आला पाहिजे.

कपड्यांची चिंता नको. एखाद्या रात्री नीटनेटक्या पोशाखाची अपेक्षा असते, तिथं काकूंची पैठणी किंवा साधी सिल्कची साडी सगळ्यात उठून दिसते, तुम्हाला सदरा आणि जाकीट पुरेसं. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग केबिनपर्यंत यायला कधी रात्र होते. जहाजावरचा डॉक्टर चांगला असतो पण फी डॉलरमध्ये, म्हणून क्रूझचा उल्लेख असलेला प्रवासविमा घ्या आणि जुने आजार त्यात लपवू नका.

कॉर्डेलियाच्या दोन सफरींचा रॉयल कॅरिबियनमध्ये मान मिळत नाही, तिथं पहिल्यापासून सुरुवात. त्यांच्या 'क्राउन अँड अँकर' सभासदत्वाला पैसे लागत नाहीत, मुक्कामाच्या रात्रींप्रमाणे गुण जमतात. पहिल्या सफरीतच दोघांची वेगवेगळी नोंद करा.

तारीख ठरली की जहाजाचं नाव आणि केबिनचा नंबर इथंच लिहा, सर. त्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते नकाशात बघून, पैसे भरायच्या आधी सांगते.